कागदावर वाहती यांगत्से: चिनी कवितेतल्या नदीचं हस्तलिखित पत्रक कसं करावं

चीनमधल्या शाळांत मुलं सणाच्या, सुट्टीच्या किंवा एखाद्या पाठाच्या निमित्ताने ‘शौछावबाव’ करतात. शब्दशः अर्थ ‘हाताने उतरवलेलं वर्तमानपत्र’. आपल्या शाळांतलं भित्तिपत्रक डोळ्यांसमोर आणा आणि ते एकाच कागदावर बसवा: वर मोठा मथळा, खाली हाताने लिहिलेले मजकुराचे तुकडे, मधून चित्रं, कडेला नक्षी. चिनी शिकणाऱ्या कुणालाही हे काम करता येतं. जुन्या कवितेतली नदी हा त्यासाठी फार चांगला विषय आहे, कारण कविता लहान आहेत, त्यांत रंग आणि दृश्यं स्पष्ट दिलेली आहेत, आणि नदी स्वतःच कागदाची मांडणी करून देते.

हीच गोष्ट नवख्यांच्या हातून निसटते. चार कविता गोळा करायच्या, चार चौकटींत लिहायच्या, कोपऱ्यात एक निळी लाट काढायची, झालं. असं पत्रक दिसायला वाईट नसतं, पण त्यातली नदी शोभेपुरती उरते. त्यापेक्षा आधी नदी आखा आणि प्रत्येक कविता ती जिथली आहे तिथे काठावर बसवा. पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

एकच नदी निवडा

जुन्या चिनीत नुसतं ‘ज्यांग’ म्हटलं की यांगत्से आणि नुसतं ‘ह’ म्हटलं की ह्वांग हो, म्हणजे पीत नदी. पुढे दोन्ही शब्द इतर नद्यांनाही लागू झाले, आणि घोळ तिथेच होतो. झांग जीच्या ‘मेपल पुलापाशी रात्रीचा मुक्काम’ या कवितेत ‘ज्यांग’ आहे, म्हणून ती यांगत्सेच्या पत्रकावर सर्रास दिसते. पण तो पूल सूझौ शहराबाहेर कालव्यावर आहे. ल्यू झोंगयुआनची ‘नदीवरचा बर्फ’ योंगझौची, म्हणजे आजच्या हूनान प्रांताच्या दक्षिण भागातली. दोन्ही कविता सुंदर आहेत, पण यांगत्सेच्या काठावर त्यांना जागा नाही.

यांगत्से सुमारे ६,३०० किमी लांब, ह्वांग हो ५,४६४ किमी. दोन्ही पश्चिमेकडून पूर्वेला जातात. नकाशात पश्चिम डावीकडे असते आणि आडवी ओळ आपण डावीकडून वाचतो. म्हणजे नदीचा प्रवाह आणि वाचणाऱ्याची नजर एकाच दिशेने जाते. याचा पुरेपूर फायदा घ्या. पहिल्या पत्रकासाठी यांगत्से घ्यावी, कारण तिच्या काठावरच्या प्रसिद्ध कवितांच्या जागा ठाऊक आहेत आणि त्या ओळीने येतात.

पाच कविता, उगमाकडून मुखाकडे

पहिली, ली बायची (७०१–७६२) ‘भल्या पहाटे बायदी नगरी सोडताना’. इ.स. ७५९ मध्ये हद्दपारीच्या वाटेवर असताना त्याला माफी मिळाली आणि तो नावेने परत फिरला. बायदी हे तीन घळींच्या तोंडाशी, डोंगरावर वसलेलं गाव. दुसरी, त्याचीच ‘पीतक्रौंच मनोऱ्यावर मंग हावरानला निरोप’ (मंग हावरान हा त्याचा कविमित्र), आजच्या वूहान शहरातली. तिसरी सू शीची, १०८२ मधली, ह्वांगझौची. ही वूहानच्या थोडी खाली. ती शंभर अक्षरांची आहे, म्हणून तिची फक्त पहिली चार अक्षरं घ्यायची: ‘थोरली नदी पूर्वेला चालली’. चौथी, पुन्हा ली बायची, ‘थ्यनमन डोंगराकडे पाहताना’, आजच्या आनह्वेइ प्रांतातली. पाचवी, वांग आनशीची (१०२१–१०८६) ‘ग्वाझौला नाव लावली’, मुखाच्या बरीच जवळची.

थ्यनमनच्या कवितेत नदीला ‘छू नदी’ म्हटलंय. ती वेगळी नदी समजू नका. तो भाग पूर्वी छू राज्यात होता, म्हणून यांगत्सेच्या तेवढ्या पात्राला ते नाव.

सू शीच्या कवितेत ‘तांबड्या कड्या’चा उल्लेख आहे आणि इ.स. २०८ ची तिथली लढाई प्रसिद्ध आहे. म्हणून मुलं ही कविता नकाशावर रणभूमीपाशी नेऊन ठेवतात. कवी मात्र ह्वांगझौला होता, आणि त्याने स्वतःच ‘लोक म्हणतात’ असं लिहून जागेची जबाबदारी अंगावर घेतलेली नाही. कविता कवी होता तिथे ठेवा.

कागद आणि आखणी

चिनी शाळांत ‘बाकाय’ म्हणजे पूर्ण तावाचा आठवा भाग हा नेहमीचा आकार. तो आपल्या ए-३ च्या आसपास जातो. ए-३ (४२० × २९७ मिमी) ड्रॉइंग पेपर घ्या, १८० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). छपाईच्या साध्या ८० जीएसएम कागदावर पाण्याचा रंग लावला की फुगवटे येतात आणि त्यावर पेन अडखळतो. गुंडाळी करून मिळालेला कागद आदल्या रात्री जाड पुस्तकांखाली सपाट करून ठेवा.

कागद आडवा धरा. चारी बाजूंनी १५ मिमी समास सोडा. आत ३९० × २६७ मिमी जागा राहते. वरची ५५ मिमीची पट्टी मथळ्याला. तिच्याखाली ७ मिमी मोकळी. उरली ३९० × २०५ मिमी. इथे नदी.

नदी डावीकडे मथळ्याच्या जरा खालून निघते आणि तिरपी उतरत उजव्या खालच्या कोपऱ्यात समुद्राला मिळते. सुरुवातीला रुंदी १५ ते २० मिमी, मध्ये ४०, मुखाशी ६०. डावीकडे ती अरुंद असायलाच हवी, कारण तिथे घळी आहेत. काठ सरळ पट्टीने मारू नका, पण वळणंही फार देऊ नका. प्रत्येक वळण एका चौकटीची जागा खातं.

आता हिशेब. सात-सात अक्षरांच्या चार ओळी म्हणजे २८ अक्षरं. प्रत्येक ओळीच्या शेवटी विरामचिन्हाचं एक घर धरा. ओळीत ८ घरं, प्रत्येक घर १२ मिमी, म्हणजे रुंदी ९६ मिमी. चार ओळी आणि मधली ४ मिमीची तीन अंतरं, म्हणजे उंची ६० मिमी. वर शीर्षक आणि कवीचं नाव, १५ मिमी. एक चौकट ९६ × ७५ मिमी. अशा चार लागतात. पहिल्या दोन (बायदी आणि पीतक्रौंच) नदीच्या खाली डावीकडे बसतात. शेवटच्या दोन (थ्यनमन आणि ग्वाझौ) नदीच्या वर उजवीकडे. सू शीची चार अक्षरं या दोन जोड्यांच्या मधोमध, खुद्द नदीच्या पात्रात, २० मिमीच्या घरांत तिरपी उतरत जातात. भूगोलातही ह्वांगझौ तिथेच येतं. ही मांडणी आधी रद्दी कागदाच्या चौकटी कापून कागदावर सरकवून पाहा आणि मगच पेन्सिल लावा.

डावीकडे वरच्या मोकळ्या त्रिकोणात घळीचे कडे येतात. नदीच्या खाली मधल्या भागात सुमारे ९० × ६० मिमी जागा उरते. तिथे ली बायविषयी चार ओळी आणि शब्दार्थ द्या. त्याहून जास्त मजकूर घेऊ नका. पत्रक हातभर अंतरावरून वाचलं जातं, आणि ७ मिमीहून लहान चिनी अक्षर तिथून काळा ठिपका दिसतं.

जुन्या पद्धतीने उभं लिहावं का, हा प्रश्न येतोच. उभं लिहिताना रकाने उजवीकडून डावीकडे जातात. म्हणजे नजर आधी समुद्रावर पडते आणि मग उगमाकडे चढते. एकटी कविता उभी लिहिली तर ती फार देखणी दिसते, पण नदीच्या या मांडणीत ती उलटी जाते. पहिल्या खेपेला आडवंच लिहा.

मथळा

सोपा आणि नेमका मथळा सहा अक्षरांचा आहे: ‘शी त्स ली द ज्यांग ह’, म्हणजे ‘कवितांमधल्या नद्या’. त्यातली पहिली दोन अक्षरं कवितेची. आज चीनमध्ये चालणाऱ्या सोप्या लिपीत त्या दोन्हींच्या डाव्या बाजूला ‘वाणी’ची खूण असते. शेवटची दोन अक्षरं नदीची, आणि त्यांच्या डावीकडे ‘पाण्या’ची खूण. एका टोकाला वाणी, दुसऱ्या टोकाला पाणी. वाणीच्या खुणा काळ्या शाईत आणि पाण्याच्या खुणा हिरव्या-निळ्यात काढल्या, तर मथळाच विषय सांगतो. ‘द’ हे जोडणारं अक्षर इतरांपेक्षा किंचित लहान ठेवा. प्रत्येक घर ४० मिमी, मधे ८ मिमी: एकूण २८० मिमी. उजवीकडच्या ११० मिमीत तुमचं नाव, इयत्ता आणि तारीख.

पाण्याचे तीन थेंब

या पत्रकात सर्वांत जास्त वेळा हाताखालून जाणारा आकार म्हणजे पाण्याची खूण, ‘सान द्येन श्वेइ’, तीन थेंबांचं पाणी. ती चुकली की सगळं पत्रक परक्या हाताचं वाटतं, म्हणून इथे अर्धा तास द्या.

नवखे तीन सारखे ठिपके एकाखाली एक देतात. तसं नाही. पहिला थेंब वरून खाली उजवीकडे पडतो. दुसराही तसाच, पण पहिल्यापेक्षा थोडा डावीकडे. तिसरा थेंब नव्हेच, तो खालून वर जाणारा फटकारा आहे. डावीकडे खाली पेन टेकवा, क्षणभर दाब द्या, आणि उजवीकडे वर झटका मारत उचला. रेघ जाड सुरू होते आणि टोकदार संपते. तिचं टोक अक्षराच्या उजव्या भागाची पहिली रेघ जिथून सुरू होते तिकडे बघत असतं. तिन्हींमधून मनात एक रेघ काढली तर ती डावीकडे फुगलेली हलकी कमान होते. सरळ खांब झाला तर चुकलं.

ही खूण घराच्या डाव्या तिसऱ्या हिश्श्यातच बसली पाहिजे. ‘ज्यांग’ एकूण सहा रेघांचं: तीन पाण्याच्या, तीन उजवीकडच्या. ‘ह’ आठ रेघांचं. ‘ल्यू’ (वाहणं) दहा रेघांचं, आणि त्याच्या उजव्या बाजूचे खालचे तीन पाय सारखे नसतात: पहिला डावीकडे झुकतो, दुसरा सरळ उतरतो, तिसरा खाली वळून हुकासारखा वर उचलतो. सरावासाठी चार भागांचा चौकोन, ज्याला ‘थ्यन्झग’ म्हणतात, तो वापरा. प्रत्येक अक्षर वीस वेळा लिहा, मग पत्रकाच्या आकारात पाच वेळा.

रंग आधी की शाई आधी

हा क्रम चुकल्याने जितकी पत्रकं वाया जातात तितकी दुसऱ्या कशाने जात नसतील.

पाण्याचा रंग वापरणार असाल तर रंग आधी, लेखन नंतर. बऱ्याच जेल पेनांची शाई पाणी लागताच पसरते. कागद चारी कडांनी मास्किंग टेपने फळीवर चिकटवा, नदीचा हात मारा, पूर्ण वाळू द्या. हाताला थंड लागतोय म्हणजे अजून ओला आहे. ऑइल पेस्टल किंवा मेणाचे खडू वापरणार असाल तर बरोबर उलट: लेखन आधी, रंग नंतर. मेणावर पेन घसरतो, निबमध्ये मेण अडकतं आणि पुढची दहा अक्षरं फिकी येतात. सू शीची चार अक्षरं नदीच्या पात्रात असल्याने नदी पाण्याच्या रंगातच करणं सोपं.

पेन्सिल एचबी. २बी फासली जाते. एचचा चर कागदात राहतो आणि रंग त्यात साचून काळी रेघ दिसते. ज्या भागावर रंग जाणार तिथली पेन्सिल आधीच फिकी करा, रंगाखाली गेलेली रेघ खोडली जात नाही. कवितेला ०.५ मिमीचा काळा पेन, शीर्षकाला ०.७, मथळ्याला ब्रश पेन. लिहिताना हाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर तळहाताचं तेल कागदाला लागतं आणि तिथे शाई फुटते. शाई वाळायला पंधरा मिनिटं द्या, मग घरांच्या रेघा मऊ खोडरबराने एकाच दिशेने पुसा.

एखादं अक्षर चुकलं तर व्हाइटनर लावू नका. त्याचा पांढरा आणि कागदाचा पांढरा कधीच जुळत नाही. त्याच कागदाच्या कपट्यातून १२ मिमीचा चौकोन कापा, त्यावर अक्षर लिहा, वाळल्यावर पातळ फेव्हिकॉलने घरावर बसवा. घराच्या रेघेवर जोड आला तर दिसतसुद्धा नाही.

मजकूर उतरवताना

लिहिण्याआधी एक निर्णय: सोपी लिपी की पारंपरिक. दोन्हींची भेसळ करू नका. संगणकावर एकीतून दुसरीत बदलून घेणार असाल तर ‘ली’ या अक्षरावर डोळा ठेवा. ‘आत’ या अर्थाचं ‘ली’ पारंपरिक लिपीत वेगळं लिहितात. पण ‘हजार ली’ मधलं अंतराचं ‘ली’ दोन्हींत तेच राहतं. रूपांतर करणारी साधनं कधीकधी दोन्ही बदलून टाकतात. तुमच्या मथळ्यात पहिलं ‘ली’ आहे आणि पहिल्या कवितेत दुसरं, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते.

दुसरा सापळा फोनवर टाइप करताना. बायदीच्या कवितेची सुरुवात ‘झाव त्स’, म्हणजे ‘पहाटे निरोप घेतला’. हे ‘त्स’ आणि मथळ्यातलं ‘त्स’ (गीत) उच्चाराला अगदी एक, सूरही एकच, पण अक्षरं निराळी. फोन जे आधी सुचवेल ते घेतलं जातं आणि ‘पहाटेचं गीत’ तयार होतं.

अक्षरांवर पिनयिन, म्हणजे रोमन उच्चार, देणार असाल तर याच कवितेत तीन जागा जपा. एकाच अक्षराचे दोन उच्चार असतात आणि अर्थानुसार निवडावे लागतात. पहिलं अक्षर ‘झाव’ (पहाट), ‘छाव’ (राजवंश) नव्हे. दुसऱ्या ओळीचं शेवटचं ‘ह्वान’ (परतणं), ‘हाय’ (अजून) नव्हे. चौथ्या ओळीतलं ‘छोंग’ (एकामागे एक थर), ‘झोंग’ (जड) नव्हे.

पडताळायला यमक कामी येतं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटी ‘ज्येन’, ‘ह्वान’, ‘शान’ आहेत, आणि पिनयिनमध्ये तिन्हींचा शेवट एकाच दोन रोमन अक्षरांनी होतो. ‘हाय’ लिहिलं असेल तर यमक मोडलेलं दिसतं. आणि पाहा, वांग आनशीच्या कवितेतही हीच तीन अक्षरं यमकाला आहेत, फक्त क्रम वेगळा: ‘ज्येन’, ‘शान’, ‘ह्वान’. पत्रकाची पहिली आणि शेवटची कविता एकाच यमकाने बांधलेली! एकाने परतल्याचा आनंद लिहिलाय, दुसऱ्याने चंद्राला विचारलंय की माझ्या परतीच्या वाटेवर तू कधी प्रकाशशील. ती सहा अक्षरं एकाच रंगाच्या बारीक ठिपक्याने दाखवा. थ्यनमनच्या कवितेला मात्र ही कसोटी लावू नका. तिथे ‘खाय’, ‘ह्वेइ’, ‘लाय’ येतात. जुन्या उच्चारांत ते जुळायचे, आज मधलं जुळत नाही. ते चुकलेलं समजून ‘दुरुस्त’ करू नका.

कवीच्या नावाआधी राजवंश लिहायची पद्धत आहे: ‘थांग · ली बाय’. सवयीने पाचही ठिकाणी ‘थांग’ लिहिलं जातं. सू शी आणि वांग आनशी ‘सोंग’ काळातले.

दुसऱ्या कवितेच्या दहा अक्षरी शीर्षकात ‘झी’ आहे. नेहमी त्याचा अर्थ ‘चा-ची-चे’, पण इथे ‘जाणे’: मंग हावरान ग्वांगलिंगला, म्हणजे यांगझौला, निघालाय. शब्दार्थांत हा एक शब्द हवाच.

मराठी अर्थ द्यायचा तर गद्यात, साधा द्या. यमकं जुळवायला गेलात की अर्थ हातचा जातो. बायदीच्या कवितेचा अर्थ असा देता येईल: ‘रंगीत ढगांतल्या बायदीचा पहाटे निरोप घेतला, हजार ली दूरचं ज्यांगलिंग एका दिवसात गाठलं. दोन्ही तीरांवर वानरांची हाक थांबायच्या आत हलकी नाव डोंगरांचे दहा हजार पदर ओलांडून गेली.’

चित्र कवितेला विचारून काढा

नावा उजवीकडे तोंड करून काढा. पहिल्या कवितेतली नाव प्रवाहाबरोबर पूर्वेला चालली आहे. वानर काढणार असाल तर शेपूट नको: कवितेतला ‘युआन’ म्हणजे लांब हातांचा गिबन.

निरोपाच्या कवितेत मुलं मोठी, शिडाची, नक्षीदार नाव काढतात. ओळ काय म्हणते? एकट्या शिडाची दूरची सावली निळ्या आकाशात विरली, उरली ती फक्त आभाळाच्या कडेला वाहणारी नदी. म्हणजे शीड ४–५ मिमीचं, क्षितिजाला टेकलेलं, जवळजवळ पुसलेलं. त्या चौकटीत मोठी जागा रिकामीच सोडा. ही कविता रिकाम्या जागेवर उभी आहे आणि ती भरून टाकायचा मोह आवरला तरच ती दिसते. मनोरा आजच्या फोटोवरून उतरवू नका. सध्याची इमारत १९८५ ची आहे आणि मूळ जागेपासून हललेली आहे. काठावर छपराचा एक वर वळलेला कोपरा पुरे.

नदीचा रंग शाळेतला निळा नको. थ्यनमनच्या कवितेत पाणी ‘बी’ आहे, पाचूसारखं हिरवट-निळं. हिरव्यात थोडा निळा आणि भरपूर पाणी. मुखाकडे जाता जाता किंचित गढूळ करा.

ग्वाझौच्या चौकटीला एक खास उपाय आहे. ‘वसंतवाऱ्याने ज्यांगनानचा तीर पुन्हा हिरवा केला’ (ज्यांगनान म्हणजे यांगत्सेच्या दक्षिणेचा मुलूख) या ओळीतलं ‘हिरवा’ हे विशेषण कवीने क्रियापदासारखं वापरलंय. सोंग काळातल्या नोंदीप्रमाणे त्याने आधी ‘पोचला’, ‘ओलांडून गेला’, ‘शिरला’, ‘भरला’ अर्थाचे शब्द लिहून खोडले होते. चौकटीखाली ती चार अक्षरं फिकट पेन्सिलीने लिहा, त्यांवर आडवी रेघ मारा, आणि पाचवं अक्षर हिरव्या शाईत काढा. पत्रकासमोर उभा राहणारा प्रत्येक जण तिथे थांबतो.

यांगत्सेऐवजी दुसऱ्या कविता घेतल्या तरी सवय हीच. ल्यू झोंगयुआनच्या बर्फात पक्षी काढू नका, पहिलीच ओळ सांगते की हजार डोंगरांवरून पक्षी नाहीसे झालेत. बाय जूयीच्या संध्याकाळच्या नदीत अर्धं पाणी हिरवं-निळं, अर्धं लाल, आणि रात्र नवव्या महिन्यातल्या तिसऱ्या दिवसाची. चिनी जुना महिना अमावास्येपासून मोजला जातो, म्हणजे ती आपली शुद्ध तृतीया. पूर्ण चंद्र काढला की कविता खोटी ठरते. कवीने स्वतःच तो धनुष्यासारखा म्हटलाय. कोर बारीक, फुगवटा उजवीकडे खाली, मावळलेल्या सूर्याच्या बाजूला.

ह्वांग हो करायची असेल तर

मांडणी बदलते. ही नदी मध्ये उत्तरेला चढते, पूर्वेला जाते, दक्षिणेला उतरते आणि मग पुन्हा पूर्वेला वळते. ती मोठी कमान कागदाच्या मध्यावर घ्या. कमानीच्या उजव्या पायाशी, पूर्व काठावर, आजच्या शान्शी प्रांतात योंगजीजवळ ग्वानछ्वे मनोरा आहे. वांग झीह्वानची वीस अक्षरांची कविता तिथे बसते: पाच-पाच अक्षरांच्या चार ओळी, १२ मिमीच्या घरांत ७२ × ६० मिमी. तिच्यात नदी समुद्राला मिळते, पण मनोऱ्यावरून समुद्र दिसत नाही. तो कवीच्या मनातला आहे, म्हणून त्या चौकटीत समुद्र काढू नका. ल्यू यूशीची नऊ वळणांची, दहा हजार ली वाळूची ह्वांग हो कमानीच्या आत लिहा. रंग यलो ऑकर, त्यात चिमूटभर तपकिरी. पाण्याने फार पातळ केलात तर नदीऐवजी डाग दिसतो.

शेवटची तपासणी

अक्षरं मोजा: २८, २८, ४, २८, २८. मग प्रत्येक कविता शेवटच्या अक्षरापासून उलटी वाचत मूळ छापील पाठाशी ताडा. सुलट वाचताना पाठ असलेली ओळ डोळा आपोआप दुरुस्त करतो. एखादं अक्षर वेगवेगळ्या पुस्तकांत वेगळं सापडेल: वानरांच्या हाकेच्या ओळीत काही प्रतींत ‘थांबत नाही’ आहे, काहींत ‘संपत नाही’. एकच पाठ घ्या आणि अर्थही त्याचाच द्या.

मास्किंग टेप कागदाला लंब न ओढता, कडेशी चपटी दुमडून सावकाश काढा. फोटो काढायचा तर खिडकीशेजारी, फ्लॅश न लावता, कॅमेरा कागदाच्या बरोबर समोर धरून काढा, तिरप्या फोटोत चौकोनी घरं चेपलेली दिसतात. ऑइल पेस्टल वापरला असेल तर वर बटर पेपर ठेवूनच फाइलमध्ये घाला. भिंतीवर लावताना उन्हाची भिंत टाळा. स्केचपेनचा हिरवा थोड्याच दिवसांत उडतो, आणि मग वांग आनशीचं ते एक अक्षर पांढरट पडतं. म्हणून तेवढं अक्षर तरी पाण्याच्या रंगाने, बारीक ब्रशने काढा.